हलला की वाजतो

जवळ

शेरडं राखणारी बाई डोळ्यांनी राखत नाही, कानांनी राखते. डोळे चुलीपुढं असतात, हंड्यात असतात, पदराला लागलेल्या कुसळांत असतात. कान मात्र माळावर. पुढच्या शेळीच्या गळ्यातली घंटी संथ वाजतेय तोवर कळप चरतोय. घाईनं वाजली, तर काहीतरी उठलंय. थांबली, तर एकतर सावलीला बसलाय, नाहीतर हातातलं टाकून पळायची वेळ झालीय. सुप्रिया लग्न होऊन पालीच्या वरच्या वस्तीवर आली आणि वर्षभरात तिच्या कानांना हे सगळं कळायला लागलं. सासू, सोजराबाई, चारचौघीत म्हणायची, "सून दिसायला बरी हाय का न्हाई ते तुमी बघा, पर कान हाईत तिला."

वस्तीच्या मागच्या अंगाला माळ संपतो तिथं सरळ कडा आहे. सुप्रियाचा सिद्धनाथ चार वर्षांचा असताना एका दुपारी घरातून नाहीसा झाला. नाव घेऊन हाका मारल्या; पण नावाला ओ देणारं ते पोर नव्हतंच. बोलत नव्हता, बघत नव्हता, बोलावलं तर येत नव्हता. सापडला तो कड्याच्या ओठावर, पाय खाली सोडून बसलेला.

त्याच संध्याकाळी सोजराबाईनं म्हाताऱ्या शेळीच्या गळ्यातली पितळी घंटी सोडली आणि नातवाच्या कमरेच्या काळ्या करगोट्यात ओवली. मागच्या बाजूनं, कारण पुढं असती तर त्यानं तोडली असती. गाठ शेळीला मारतात तीच, ओढली की आवळणारी.

"आता हुडकायला नको," सोजराबाई म्हणाली.

पोराचे हात सुप्रियानं धरले होते.

गुण

पहिले काही महिने तो धावायचा. धावला की घंटी मागं लागायची. मागं लागली की तो आणखी धावायचा, किंचाळायचा, दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचा. मग कमी धावायला लागला. मग चालायचाही कमी झाला. पुढच्या दिवाळीपर्यंत तो सकाळी कुडाच्या भिंतीला टेकून पोत्यावर बसायचा, तो अंधार पडेस्तोवर तिथंच.

वस्तीवरच्या बाया म्हणायला लागल्या, गुण आला गं, सुप्रे.

कुठला नवस बोलली हुतीस?

आदी वारं प्यायल्यागत उधळायचं, आता बघ कसं समईसारखं बसतंय.

आमची दोन घेऊन जा आन् हे आमाला दे.

सोजराबाईनं नारळ फोडला. सुप्रियाचा नवरा हैबती पालीत गडावर येणाऱ्या लोकांच्या गाड्या लावून घ्यायचं काम करायचा. त्यानं तिथून पेढे आणले. सुप्रियानं वस्तीच्या पाची घरांत वाटले. पोर पोत्यावर बसलं की ती शेरडं घेऊन निवांत लांब जायची, आणि घंटी ऐकू आली नाही की तिला बरं वाटायचं.

भोर

अंगणवाडीच्या मंगलताईंनी भोरातली खोली सांगितली. बाजाराच्या दिवशी तिथं अशा पोरांच्या आया जमतात, सुलक्षणाताई म्हणून एक बाई शिकवतात. वस्तीवरून पालीपर्यंत पोराला पाठुंगळी घेऊन उतरायचं, जीपनं नसरापूर, तिथून एसटी. पहिल्या दिवशी सुप्रिया एक शब्द घेऊन परत आली.

"स्वमग्न म्हणत्यात त्याला, आत्या."

"मग्न?" सोजराबाईचा चेहरा उजळला. "म्हंजे साधू बसत्यात तसा? मग चांगलंच की. म्या म्हनतच हुते."

तिसऱ्या खेपेला खोलीत अन्वरीभाभी भेटली. सारोळ्याची. तिच्या नवऱ्याचं, हाफिजचं, हायवेला वेल्डिंगचं दुकान. तिचा मुलगा फरहान एकोणीस वर्षांचा, असाच. पण ती एकटीच आली होती.

"पोराला न्हाई आणलं?" सुप्रियानं विचारलं.

"मोठा झाला आता. एसटीत दोन सीट लागतात त्याला, आणि तिसरी शिव्या देणाऱ्याला."

"मग तुमी कशाला येता?"

"हितला चहा बरा असतो." अन्वरी हसली. तिच्या मनगटावर दातांच्या खुणा होत्या, काही जुन्या, एक ओली. सुप्रियानं आपल्या मनगटावर पदर ओढला. तिथंही होत्या, पण जुन्याच.

सुलक्षणाताईंनी सतरंजीवर लाल गोटी घरंगळत सोडली. सगळी पोरं आपापल्या तऱ्हेनं हलली. सिद्धनाथ बसून राहिला.

"हा उठत कसा न्हाई?" अन्वरी म्हणाली.

"शांत हाय," सुप्रिया म्हणाली, आणि तिला त्याचा अभिमान होता.

"शांत कुठला. नजर गेली त्याची गोटीवर. हात पण निघाला होता. मग परत आला. का परत आला?"

"त्याला नको आसंल."

अन्वरी गुडघ्यांवर सरकत गेली आणि पोराच्या सदऱ्याखाली पाठीमागून हात घातला. घंटी किणकिणली. सिद्धनाथनं डोळे घट्ट मिटले, मान खांद्यांत घातली, दातांवर दात रोवले.

"हे काय गं?"

"घंटी. हरवू नये म्हणून."

"बोकड हाय का तो?"

कोणीतरी फस्सकन हसलं. सुप्रियाचे कान तापले. "आमच्या वस्तीला कडा हाय, भाभी. तुमाला काय म्हाईत? तुमच्या दारात डांबरी."

"डांबरीवर पण मरतात पोरं." अन्वरी गाठीशी झटत होती. ओढली की आवळायची. शेवटी तिनं वाकून दात लावले.

"कुणाला इचारून सोडताय? भाभी! म्या काय म्हणते—"

घंटी अन्वरीच्या मुठीत गेली. मूठ तिनं पोटाशी धरली, आवाज येऊ नये म्हणून.

सिद्धनाथनं डोळे उघडले. कंबर जराशी हलवली. थांबला. परत हलवली. मग उठला, आणि चवड्यांवर, एक तळवा भिंतीला लावून, खोलीभर चालत गेला. कोपऱ्यात वळला. परत चालला. कितीदा ते कोणी मोजलं नाही. चहा आला, गार झाला, तो चालत होता. तोंडातून बारीक गुणगुण निघत होती, माशीच्या पंखांसारखी.

सगळ्या आयांना वाटलं सुप्रिया आता रडेल, हसेल, काहीतरी करेल. ती भिंतीला टेकून बसून राहिली. पोर शांत झालंच नव्हतं. हललं की वाजतं, एवढंच त्याला कळलं होतं, आणि त्यानं हलायचं सोडून दिलं होतं. तीन दिवाळ्या. पेढे वाटले होते तिनं.

"आमच्याकडं ग्राइंडरचा आवाज," अन्वरी हळू म्हणाली. "दुकानाला लागूनच घर. आमाला वाटायचं पोरगं बापाचा दुस्वास करतंय. हाफिज कितीदा रडला असंल. कळायला लई वर्षं लागली, बाई."

कमरेला

एसटीत सुप्रिया अन्वरीवर चरफडत होती. शहाणी. दुसऱ्याच्या पोराला दात लावणारी. एवढ्याशा किणकिणीनं काय होतं? शेळ्या जन्मभर बाळगतात.

दुसऱ्या दिवशी तिनं भाभीकडून परत घेतलेली घंटी स्वतःच्या कमरेला बांधली, मागच्या बाजूनं, परकराच्या नाडीला. अन्वरी चुकली हे तिला बघायचं होतं.

भाकरी थापताना वाजली. पीठ चाळताना वाजली. वाकली, वाजली. शिंकली, वाजली.

"सुप्रे, काय येड लागलं का?" सोजराबाई दारातून म्हणाली. "शेळीला शोभंल ते सुनंला कशाला?"

"नातवाला शोभत हुतं ना?"

पाण्याला गेली तेव्हा बायका हसल्या. परत येताना तिच्या ध्यानात आलं की आपण पाऊल उचलत नाही, घासत आणतोय. उन्हं डोक्यावर आली तेव्हा जबडा दुखत होता आणि खोकला आला तरी ती गिळत होती. पाठीमागं कोणीतरी सारखं उभं आहे. बोट लावतंय, काढतंय, लावतंय. भिंतीच्या पोत्यावर सिद्धनाथ नव्हता. तो दूर गोठ्याच्या मागं गेला होता, कानांवर हात दाबून. आईपासून लांब.

तिसऱ्या प्रहराला तिनं ती सोडली. अन्वरी चुकली नव्हती.

विळा

आता तिला डोळ्यांनी राखायला शिकायचं होतं, आणि ते कानांनी राखणारीला जमत नाही.

सिद्धनाथ सकाळी निघायचा आणि चालत राहायचा. ती मागं. शेरडं त्याच्या मागं यायची नाहीत, तो शेरडांच्या मागं जायचा नाही. दोन कळप झाले, एक एका पोराचा, आणि राखणारी एक. शेरडं धनाजीच्या नाचणीत शिरली. धनाजी दीर लागायचा, तरी दारात येऊन ओरडला. एक करडू दरीत गेलं, ते मिळालंच नाही. हैबती रात्री घरी आला की भाकरी मोडता मोडता एकच बोलायचा, "हे किती दिवस?"

"तो चालतोय, अवं."

"चालतोय. कुठं चालतोय?"

त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. पोर फिरून फिरून कड्याकडंच जायचं. तिथं वारा खालून वर येतो. तो वाऱ्यात तोंड धरून उभा राहायचा.

एका सकाळी ती पाण्याहून आली तर पोर पोत्यावर बसलेलं. मान खांद्यांत. तिनं हंडा उतरवला नाही, तसाच सोडला. सदरा वर केला. करगोट्यात घंटी होती आणि गाठ पोराच्या कातडीत रुतली होती.

"एकुलता नातू हाय माझा," सोजराबाई चुलीपुढून म्हणाली. "तुला तुझ्या त्या भाभीची पडलीय. मला त्याचं हाडूक गोळा करायचं न्हाई."

सुप्रियानं गाठ ओढून पाहिली. आवळली. नखं लावली. मग तिनं कुडात खोचलेला विळा काढला आणि पात्याची बोथट बाजू पोराच्या अंगाला लावून, धार बाहेर धरून, करगोटाच कापला.

काळा दोरा खाली पडला. घंटी घरंगळत चुलीपाशी गेली.

सोजराबाईनं तोंडावर हात मारला. करगोटा माणूस मेल्यावर तोडतात. वस्तीवर हे लहान पोरालाही ठाऊक होतं, आणि सुप्रियालाही. तिच्या बापाचा तोडताना तिनं पाहिला होता.

"जित्या पोराचा! सुप्रे, जित्या पोराचा तोडलास!"

धुकं

गौरींच्या आधी चार दिवस.

खालून धुकं चढलं. आधी गोठा गेला, मग धनाजीचं घर, मग स्वतःच्या हाताची बोटं.

तो आत्ता इथं होता. तिनं फक्त करडाचं दावं सोडवलं, तेवढ्यात.

सिधूऽऽ

&nbsp;

सिधूऽ, ये सिधूऽऽ

&nbsp;

एका बाजूला शेळीची घंटी. ती जवळ. ती शेळीचीच.

&nbsp;

सिद्धनाथऽऽ

ही सोजराबाई. मग धनाजी. मग पाची घरं. सगळी ओरडतायत. सुप्रियाला कळत होतं की ह्या ओरड्यानं तो आणखी लांब पळेल. "गप बसा!" ती ओरडली. "समदी गप बसा!" आणि तीही ओरडतच होती.

मग सगळी गप्प झाली. तिनं कान दिले. त्याची गुणगुण कुठूनतरी येईल. तिला कान आहेत. तिला ऐकू येईल.

&nbsp;

पाणी ठिबकत होतं.

&nbsp;

वारा.

&nbsp;

काही नाही.

&nbsp;

तिला ऐकू आलं नाही. धुकं निवळल्यावर तो पालीहून धावत आलेल्या हैबतीला दिसला, कड्याखालच्या पहिल्या टप्प्यावर, कारवीच्या झुडपात अडकलेला. उजवी नडगी नको तिथं वळलेली. तो रडत नव्हता. दोरानं हैबती उतरला आणि पाठीला बांधून त्याला वर आणला. वर आल्यावर हैबतीनं पोराला खाली ठेवलं आणि बायकोच्या थोबाडीत दिली, सगळ्यांदेखत. मग तिथंच गवतात बसून तो स्वतःच रडला.

वस्तीवरची प्रत्येक बाई एकच दोरा आठवत होती.

हाड

भोरातल्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, नशीब. त्यांना आणखी पेशंट होते.

अन्वरी डबा घेऊन आली. खाटेपाशी उभी राहिली. सुप्रियानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"तुमी सोडली," सुप्रिया म्हणाली.

"सोडली."

"बांधल्याली असती तर वाजली असती. धुक्यात वाजलीच असती. म्या गेले असते आवाजावर."

"व्हय."

"एवढंच? व्हय?"

अन्वरीनं डबा स्टुलावर ठेवला. झाकण उघडलं, परत लावलं. "तू इचारलं होतंस ना, पोराला का आणत न्हाई म्हणून."

"दोन सीट लागतात."

"खोटं. दुकानाच्या मागं खोली हाय. तिला बाहेरून कुलूप. गेल्या रमजानपासनं. त्यानं शेजारच्या नबीलाचा हात मोडला, लहान पोरगी. लोक जमले. हाफिजनं दुसऱ्या दिवशी कडी बसवली, स्वतः वेल्डिंग करून. किल्ली माझ्याकडं." तिनं कमरेची किल्ली दाखवली नाही, नुसता तिथं हात गेला. "तुझी दातानं सुटली. माझं काय सुटत न्हाई. म्हणून येते मी तिथं. चहा बेकार असतो."

मारायला धावावं असं काही सुप्रियाच्या आत होतं, ते जागचं हललं नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक काही येऊन बसलं.

"आत तो काय करतो?" तिनं विचारलं.

"बसतो," अन्वरी म्हणाली. "लोक म्हणतात, शांत झाला."

सिद्धनाथ छताच्या पंख्याकडं बघत होता. सुप्रियानं डबा उघडला. खिचडी होती. अर्धी तिनं झाकणात काढली आणि अन्वरीपुढं सरकवली. दोघी जेवल्या. चव कोणालाच लागली नाही.

पोतं

प्लास्टर होतं तोवर घर सुखात होतं.

हे सुप्रियालाही कबूल करावं लागलं असतं, कोणी विचारलं असतं तर. पोर भिंतीशी, पोत्यावर. शेरडं माळावर. हैबती वेळेवर कामाला. सोजराबाईनं पालीहून नवा करगोटा आणला आणि सुनेपुढं ठेवला. "घंटी न्हाई. नुसता दोरा. देवाशपथ." सुप्रियानंच तो पोराच्या कमरेला बांधला, साध्या गाठीनं. सोजराबाई बघत होती. गाठ बसल्यावर तिनं सुनेच्या गालावरून हात फिरवला, जिथं हैबतीची बोटं उठली होती तिथून.

प्लास्टर कापलं. पाय काठीसारखा निघाला, पांढरा, कातडी सुटलेली. डॉक्टर म्हणाले, चालवा त्याला, नाहीतर पाय असाच राहील.

पोर पाय टेकेना.

"ऱ्हाऊ दे की," हैबती म्हणाला. तो रागात नव्हता. तो पोराचे केस कुरवाळत होता. "बसला तर बसू दे. जिता तर ऱ्हाईल. तू शेरडं बघ, आई त्याला बघंल. समदं बरं चाललंय."

समदं बरं चाललं होतं. म्हणूनच सुप्रियाला भीती वाटली. काहीच करायला लागणार नव्हतं. कोणाला दोष येणार नव्हता. घंटी नको, कुलूप नको. पाय आपोआप वाळला असता.

दुसऱ्या सकाळी तिनं त्याला काखेत धरून उभं केलं. तो किंचाळला आणि तिचं मनगट चावला. तिनं धरलं. पाय टेकवला. परत किंचाळला.

"कसाई हाईस का गं?" शेजारून आवाज आला.

तिनं परत टेकवला. त्या दिवशी नाही जमलं. दुसऱ्या दिवशी नाही. तिच्या हातावर जुन्या खुणांच्या वर नव्या खुणा आल्या. बाजाराच्या दिवशी अन्वरीनं त्या पाहिल्या आणि हळद लावली.

दिवाळीच्या आसपास तो चालला. लंगडत, डावीकडं झुकून. भिंत धरून दारापर्यंत, दारातून बाहेर.

"आत्या, शेरडं सोडा तुमी," सुप्रियानं आत सांगितलं.

"म्या? माझे गुडघे बघ. आन् तू कुठं निघालीस?"

"तो जाईल तिकडं."

सोजराबाई काही पुटपुटली, शिवी असावी. मग तिनं काठी घेतली. गोठ्याचं दार करकरलं, शेरडं बाहेर पडली.

सिद्धनाथ गोठ्याला वळसा घालून मागच्या माळाला लागला. अर्थातच. लंगडणारा पाय ओढत, तोंडानं गुणगुणत, सरळ. सुप्रिया हातभर अंतर ठेवून चालली. त्याच्या मानेवरची लव तिला दिसत होती, सदऱ्याच्या कॉलरला उसवलेला टाका दिसत होता. कानावर काही येत होतं की नाही हे तिला सांगता आलं नसतं.

कड्याजवळ वारा लागला. तो थांबला नाही. तिनं त्याचा सदरा पाठीमागून धरला. त्यानं ओढलं. तिनं पाय रोवले. कापड ताणलं, टाका आणखी उसवला, आणि तो वाऱ्यात तोंड धरून पुढं ओढत राहिला, आणि ती धरून उभी राहिली.